डावी कूस

आण्णाप्पा गवळी माणसाच्या तोंडाकडं कधी बघायचा नाही. तो माणसाची डावी कूस बघायचा.

म्हशीचं पोट भरलंय की नाही, हे तिच्या डाव्या कुशीवरून कळतं. बरगड्या संपतात तिथं खड्डा दिसला की म्हैस उपाशी. उभा जन्म या खड्ड्याकडं बघण्यात गेल्यामुळं आण्णाप्पाची नजर माणसांवरही तिथंच जाऊन बसायची. टपालवाला असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो, नाहीतर मुलगी बघायला आलेले आणि पत्ता चुकून गोठ्यात शिरलेले पावणे असोत, आण्णाप्पा आधी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहायचा आणि निकाल द्यायचा.

नव्वदच्या आसपास मी गंगावेशीत खोली घेतली. शाळेत चित्रकला शिकवायचो. त्या काळात माझ्या अंगावर शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. पहिल्याच दिवशी दूध आणायला गेलो, तर आण्णाप्पानं माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"कूस आत गेलीया की ओ मास्तर. सकाळधरनं काय खाल्लंसा?"

"चहा. आणि दोन बिस्किटं."

"म्हस असतासा तर आटला असतासा." असं म्हणून त्यानं म्हशीच्या कासेखाली गिलास धरला, फेसासकट भरला आणि माझ्या हातात दिला. मी प्यालो. त्यानं पुन्हा भरला. मी पुरे म्हणालो. त्यानं आणखी भरला. पुरे हा शब्द आण्णाप्पाला ऐकू यायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि अर्जावर कारण म्हणून 'घरगुती' असं लिहिलं. ते खरंच होतं. घराच्या एका विशिष्ट कोपऱ्यातून मला दिवसभर हलता आलं नव्हतं.

आण्णाप्पाला थांबवणारं माणूस जगात एकच होतं. त्याची बायको, गंगाक्का. आतून तिचा आवाज यायचा, "पुरे करा की वो. माणूस हाय ते, म्हस न्हवं." मग आण्णाप्पा गिलास खाली ठेवायचा, पण तोंडानं पुटपुटायचा, "पोटात गेल्याबिगर अंगाला लागंल व्हय?" हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. ताप असो, परीक्षेत नापास झालेलं असो, सासू गेलेली असो, आण्णाप्पाचा इलाज खायला घालणं हाच.

गंगाक्काचा एक मोगरा होता. तेलाच्या जुन्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून लावलेला, गोठ्याच्या दाराशी ठेवलेला. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात. बाकीचा थाट आण्णाप्पाचा, पण मोगऱ्याच्या दिवसांत म्हैस व्याली की तिच्या शिंगाला पहिला गजरा गंगाक्काच्या डब्यातला. आण्णाप्पानं त्या डब्याकडं कधी ढुंकून बघितलं नव्हतं. "धार देत न्हाय, त्येला काय बघायचं," म्हणायचा.

एका पावसाळ्यात गंगाक्का पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. दवाखान्यात ठेवली. आण्णाप्पा रोज जेवणाचा भरलेला डबा घेऊन जायचा आणि रिकामा घेऊन यायचा. तो रिकामा डबा तो सगळ्या गल्लीला उघडून दाखवायचा. गल्ली म्हणायची, जेवतीया म्हणजे उठणार. गौरी-गणपतीच्या आधी ती गेली.

दिवसकार्य झालं, पावणे परतले, आणि आण्णाप्पाला मोगरा दिसला. डबा गंजला होता. झाड जरा मलूल होतं. आण्णाप्पा त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मास्तर, हेची कूस कुठं असती ओ?"

मला हसू आलं आणि आलेलं हसू कुठं ठेवायचं ते कळेना.

त्या दिवसापासून मोगऱ्याचा खुराक सुरू झाला. सरकीची पेंड भिजवून तिचं पाणी. गुळाचं पाणी. व्यालेल्या म्हशीला देतात तो अळिवाचा काढा. एकदा तर त्यानं बुडाशी मिठाचा खडा ठेवला. "मन झालं तर चाटंल की." म्हशीला हे सगळं चालतं, मग मोगऱ्याला का चालू नये, एवढा साधा हिशेब.

कुणीतरी शहाण्यानं त्याला अडवायला हवं होतं. दुर्दैवानं त्याच्या शेजारी मी राहत होतो. माझ्या मामाचा मुरगूडला ऊस आहे. तो उसाला युरिया पोत्यानं टाकतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. मग कुंडीला निदान दोन मुठी तरी पाहिजेत, असं मी चित्रकलेच्या शिक्षकाला शोभेल अशा आत्मविश्वासानं सांगितलं आणि आणूनही दिला. वर, गंजका डबा बरा दिसत नाही म्हणून सिमेंटची कुंडी भेट दिली. तिच्यावर मी स्वतः वेलबुट्टी रंगवली होती. कुंडीच्या बुडाला भोक होतं, त्यातून पाणी गळून रंग खराब होईल म्हणून ते भोक मी सिमेंटनं लिंपून टाकलं. मोगरा बिचारा पेंड, गूळ, मीठ आणि युरियाच्या तळ्यात गळ्यापर्यंत उभा राहिला, पण वेलबुट्टी शाबूत होती.

पानांच्या कडा जळाल्या. मग पानं पिवळी पडली. कुंडीला असा वास सुटला की म्हशीसुद्धा तोंड फिरवायला लागल्या. आण्णाप्पा पान दोन बोटांत धरून बघायचा. "अंग गरम लागतंय," म्हणायचा. पाडवा आला तरी त्यानं म्हशींची शिंगं रंगवली नाहीत. "हितं घरचं आजारी हाय," असं लोकांना सांगितलं. लोकांना वाटलं, त्याची मुलगी सासरहून आलीय.

"खाईना झालीया ओ मास्तर," एकदा तो मला म्हणाला. आवाज असा होता की मी युरियाची पिशवी घरी जाऊन माळ्यावर टाकली.

थंडीत त्याला ताप भरला. मुलगी हुपरीला दिलेली, जावई पैंजणांचं काम करतो. ती येऊन बापाला जबरदस्तीनं घेऊन गेली. गोठ्यातच राहिलेल्या म्हशींचं बघणं भाच्याकडं आणि मोगऱ्याचं माझ्याकडं. एस.टी.त चढतानाही तो मला बजावत होता, "सकाळ-संध्याकाळ पेंडीचं पानी. उपाशी ठिवू नगा तिला."

पहिल्या दिवशी संध्याकाळी गोठ्यावर गेलो. वाटेत रेडकू आडवं बसलं होतं. त्याचं दावं सोडून मी ते पलीकडच्या खुंटीला बांधलं आणि नाक दाबून, डोळे मिटून पेंडीचं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर माझी गाठ खुंटीजवळ मोकळी पडलेली, वेलबुट्टीची कुंडी फुटलेली, आणि रेडकू शेवटचं पान शांतपणे चावत उभं. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

घाबरून मी तो मुळांचा घाणेरडा गोळा उचलला, गंगाक्काच्या त्या भोकाच्या डब्यात कोरडी माती घालून खोचला आणि पुन्हा दाराशी ठेवला. परत त्याला हात लावायची माझी छाती झाली नाही.

आण्णाप्पा आला. डब्याकडं बघितलं.

"रेडकानं खाल्लं?"

"हो."

"समदं?"

"हो."

त्यानं रेडकाची डावी कूस बघितली. "हेची तरी भरली," म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर त्यानं त्या डब्याला काही घातलं नाही. बघितलंही नाही. म्हशी धुताना उडेल तेवढंच पाणी. गल्लीला जास्त लागलं ते दुसरंच. तो आमच्या कुशी बघेनासा झाला. मापानं दूध द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. मी मुद्दाम त्याच्यासमोर पोट आत ओढून उभा राहायचो. काही उपयोग झाला नाही.

शिमगा होऊन गेला. ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी आण्णाप्पानं हाक मारली, "मास्तर, जरा हिकडं या."

डब्यातल्या काड्यांना हिरवीगार पानं फुटली होती, आणि पानांत कळ्या होत्या. पांढऱ्या, टपोऱ्या, भरगच्च. गंगाक्काच्या हाताखालीसुद्धा एवढ्या कधी आल्या नव्हत्या. आण्णाप्पाच्या एका हातात पेंडीच्या पाण्याचा तांब्या होता. तो तसाच धरून तो उभा होता.

"काय घातलंत, आण्णा?"

"काय न्हाय." त्यानं एक कळी दोन बोटांत धरली. "कायबी न्हाय घातलं, म्हनून जगली."

तांब्या खाली ठेवून तो डब्यापाशी उकिडवा बसला. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

"दवाखान्यात ती बी पुरे म्हनायची की ओ. गिळवत नव्हतं तिला. मी रस्सा न्यायचो, खरवस न्यायचो. म्हनायचो, आजून एक घास, माज्यासाठनं. खायची. मी जिना उतरलो की समदं भाईर यायचं. नर्सबाईनं सांगितलं हुतं मला. मी तिच्यावरच वराडलो. म्हनलं, माजी बायकू हाय, तिला काय लागतंय ते मला म्हाईत हाय."

तो रिकामा डबा मला आठवला. तो बघून गल्लीनं अंबाबाईला हात जोडले होते.

"मी भरवायचो म्हनून ती खायाची," आण्णाप्पा म्हणाला. "नुसता बसलो असतो तिच्यापशी, तर?"

म्हैस हंबरली. सवयीनं तो उठला, कासेखाली बसला, गिलास धरला. कितीतरी महिन्यांनी माझ्यासाठी धार काढत होता. गिलास निम्मा झाला तेव्हा सवयीनंच मी म्हणालो, "पुरे."

आण्णाप्पाचा हात थांबला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून मला निम्मा गिलास मिळाला. तो मी धरून उभा राहिलो.

बादली उचलायला तो वाकला. अंगातली बंडी घामानं पाठीला चिकटली होती. तेव्हा माझं लक्ष गेलं. बरगड्या संपतात तिथं, डाव्या बाजूला, मूठ बसेल एवढा खड्डा पडला होता. आम्हा सगळ्यांच्या कुशी बघणाऱ्या माणसाची कूस इतक्या दिवसांत कुणी बघितली नव्हती.

"आण्णा," मी म्हणालो, "सकाळपासून काय खाल्लंत?"

बादली हातात धरून तो माझ्याकडं बघत राहिला. तोंडाकडं. ओळखदेख झाल्यापासून पहिल्यांदाच.

"भाकरी हाय कालची," म्हणाला. "तुमी बसनार असशीला, तर खातो."