मोरी कुठे आहे?

मी मोरीला भीत नाही! आमच्या पेडण्यात शार्कला मोरी म्हणतात आणि मोरीची आंबटतीक, म्हणजे आंबट-तिखट कालवण, खाऊनच मी लहानाची मोठी झाले. भ्यायचेच तर तिने मला भ्यावे, असे आईला ऐकवून मी बाबांचा पाण्याखालचा चष्मा पिशवीत टाकला.

बाबा मुरगाव बंदरात कारकून होते. गोवा राज्य झाले त्या वर्षी त्यांनी तो एका खलाशाकडून घेतला. "निवृत्त झालो की बंदराबाहेरच्या बेटाजवळची प्रवाळे बघू," म्हणायचे. निवृत्त झाले आणि श्रावणात गेले. चष्मा कोराच राहिला. आईने त्यानंतर आंबटतीक केली नाही. ती बाबांची आवडती. मला फक्त एकदा त्या काचेतून खाली बघायचे होते.

वास्कोहून होडी केली. होडीवाला सगुण, मी आणि सोबतीला सोलापूरची प्राजक्तावहिनी. चष्मा लावून बेटाशी छातीभर पाण्यात मी उतरले. तोंडात श्वासाची नळी धरणार, इतक्यात होडीतून वहिनीचा कासावीस आवाज आला.

"अहो, मोरी कुठे आहे?"

"मोरी?" सगुण म्हणाला. "थंय, बायेच्या पांयांकडेन आसतली!"

माझ्या पायांशी? माझी छाती डब्यात खडे हलवावेत तशी वाजू लागली. पोटरीला काहीतरी गार, मऊ लागले. वळून बघते तो राखाडी शेपूट! मी पळाले, शेपूट मागे. थांबले, तर ते बिलगलेच! "बाबाऽ!" ओरडत मी नांगराचा दोर धरला आणि माडावर चढावे तशी होडीत चढले. शेपूटही चढले.

माझी ओढणी!

"वहिनी, तू पाहिलीस मोरी?"

"अगं, मीच विचारतेय! मळमळतंय मला. चूळ भरायला मोरी नको का?"

सगुण हसून हसून आडवा झाला. मग एकदम म्हणाला, "बाये, तुजो चष्मो खंय?"

हात डोळ्यांकडे गेला. चष्मा नव्हता.

बाबांचा चष्मा! मी पुन्हा उतरले. खाली सगळे धूसर. चाचपडत खडकाशी हात घातला, काच लागली! वर येऊन चष्मा चढवला आणि डोके पाण्यात घातले.

जिथे हात घातला होता, तिथून वीतभर अंतरावर मोरी निजली होती. खरी! तिने माझ्याकडे बघितले. मग शेपटीच्या एका फटक्यात तीच पळाली.

संध्याकाळी आईला सगळे सांगितले. ती पदराने चष्म्याची काच पुसत राहिली.

"केवढी होती गो?"

"दीड हात."

"आनी हाडूंक ना? आणली असतीस, तर आंबटतीक केली असती."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून मोरी आणली. ती मेलेली आहे, याची दोनदा खात्री करून!