हर्षदाचं 'कशावरून'

हर्षदा माझी भाडेकरू. खोली बघायला आली तेव्हा मी म्हणालो, "पोरी, नळाला रोज पाणी येतं." ती म्हणाली, "कशावरून?" अन् निघून गेली. मला वाटलं, गेली ब्याद. थोड्या वेळाने परत हजर. "आबा, गल्लीत तिघींना विचारलं. दोघी म्हणतात चार दिवसांआड येतं. तिसरी म्हणते रोज. पण ती तुमची चुलतबहीण निघाली, म्हणून तिचं धरलं नाही."

असली पोरगी. रावेरची. बाप केळीचा ट्रॅक्टर चालवतो अन् ही धुळ्यात डॉक्टरी शिकते. देवपुरात माझं घर, खाली मी एकटा, वर ती.

भाजीवाला म्हणाला मेथी ताजी, तर कशावरून. महाराज म्हणाले मुहूर्त चांगला, तर कशावरून. महाराजांनी आमच्या गल्लीतून जाणंच सोडलं. एकदा मी तिला फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला, कोमट लिंबूपाण्याने अंगातली गाठ विरघळते म्हणून. तिनं फोनच हिसकला. "लिहिणारा कोण? कधी लिहिलं? अन् तो लिंबं विकत नाही ना?" मी म्हणालो, सोयरीक जुळवताना आमचे अडाणी लोकही हेच विचारतात. तुमच्या कॉलेजाने नवीन काय शिकवलं?

एका गोष्टीला मात्र तिनं कधी कशावरून विचारलं नाही. पुढच्या खोलीत कोरा कूलर आहे, बायकोच्या साडीने झाकलेला. उन्हाळ्यात धुळं तव्यासारखं तापतं अन् मी पुठ्ठ्याने वारा घेत बसतो. तिनं एकदा कूलरकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं अन् गुपचूप वर गेली.

यंदा कॉलेजाने तिला एक पेपर लिहायला लावला. घरचे म्हणतात, पेशंटला आजार सांगू नका. मग डॉक्टरने काय करावं? असा काहीतरी विषय. आमच्याकडे फोनला रेंज येते ती जिन्याच्या मधल्या पायरीवरच. तिथं बसून ती तासन्‌तास शोधायची अन् मी खाली अंगणात ऐकायचो. "हा औषधं विकतोय. ह्याच्यावर लिहिणाऱ्याचं नावच नाही. ह्यानं दुसऱ्याचं उचललंय."

"पहिलं आलं ते घे न मोकळी हो," मी म्हणालो.

"पहिलं आलं ते खरं, हे कशावरून?"

मी बिडी पेटवली.

त्याच दिवसांत माझा खोकला वाढला. तिनंच मला नेऊन छातीचा फोटो काढवला. रिपोर्ट तिच्या पिशवीत. "सरांना दाखवते," म्हणाली, अन् मग त्याचं नावच काढेना. भाजीवाल्याशी भांडण बंद. कशावरून बंद. शोधायचं तेवढं चालू.

मग एका दुपारी ती जिन्यावर मैत्रिणीशी बोलताना ऐकू आलं. "पेशंटला काहीच माहीत नाही गं. घरच्यांनी ठरवलंय, सांगायचं नाही. अन् मला रोज त्यांच्याशी बोलावं लागतं, काही झालंच नाही असं दाखवून."

रोज ती बोलते कोणाशी? माझ्याशी. ती वर गेल्यावर त्याच पायरीवर बसून सुरतला पोराला फोन लावला. "काय लपवून राहिले रे माझ्यापासून?"

"काही नाही बाबा. तुम्ही उगाच टेन्शन घेता."

हेच, अस्संच, तो त्याच्या आईच्या वेळी बोलला होता.

दुसऱ्या दिवशी हर्षदाने शिरा आणून दिला. "तुम्ही खा आबा, मला जात नाही." कधी नव्हे तो शिरा! फाशी द्यायच्या आधी विचारतात म्हणे, काय खाणार. तरी खाल्ला. शिरा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी जिन्यापाशी उभा राहिलो. घाबरलो की माझ्या तोंडून अहिराणीच निघते. "हर्षू, मनी छातीमा काय शे ते बठ्ठं सांगी टाक!"

ती दचकली. "तुमच्या छातीत?" धावत जाऊन रिपोर्ट आणला. "आबा, जुना खोकला आहे. सर म्हणाले, बिडी सोडा. मी सांगायचं विसरलेच."

"कशावरून?" मी म्हणालो.

ती हसली नाही. पायरीवर बसली. "पेशंट माझे नाना आहेत."

बापाला मोठा आजार निघाला होता. आईने हिला गळ्याची शप्पथ घातली, सांगायचं नाही. "लपवलेलं बरं, असं म्हणणारा एक तरी भरवशाचा सोर्स शोधतेय आबा. मिळाला की मी गप्प बसेन. पण एक इकडचं म्हणतो, दुसरा तिकडचं. नानांचं कोणीच लिहिलेलं नाही."

मी शिकलेला नाही. मला जे ठाऊक ते सांगितलं. माझ्या बायकोला तिचा आजार माहीत होता. पोरांना माहीत होता. तिनंच सगळ्यांना शप्पथ घातलेली, यांना सांगू नका, यांचा धीर सुटेल. अन् मी तिला उन्हाळ्यात बरं वाटावं म्हणून कूलर आणला. दुकानदाराशी दोन वर्षांच्या गॅरंटीसाठी भांडलो, ते घरी येऊन फुशारकीने सांगितलं. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. ती म्हणाली, छान आहे हो. उन्हाळा लागायच्या आत गेली.

"नानाला आधी विचार, ऐकायचं का म्हणून," मी म्हणालो. "नको म्हटला तर नको. पण तो ऐकेल."

मी वाट पाहिली. ती कशावरून म्हणालीच नाही. तिथंच बसून फोन लावला.

"जेवली का वं?" पलीकडून बापाचा आवाज आला.

"नाना, रविवारी येते. एक विचारायचंय तुम्हाला."

मग तो म्हणाला, "ये माय. इथं सगळे लई गोड बोलू राह्यले माह्याशी. मले भेव वाटते."

रविवारी मी तिच्याबरोबर एस.टी.त बसलो. तिनं बोलावलं नव्हतं, मीच पिशवी घेऊन निघालो. कंडक्टर म्हणाला, गाडी वेळेत पोचेल. तिनं त्यालाही काही विचारलं नाही. फोन मांडीवर, बंद.

पारोळ्याला गाडी थांबली. लोक चहाला उतरले. मलाही तलफ आली होती. उठायला गेलो तर तिनं माझी बाही मुठीत धरलेली. नजर खिडकीबाहेर. बाही धरलीय हे तिलाही ठाऊक नसावं.

मी परत बसलो.