महाले सरांची फक्कीची बोट

जव्हारच्या आमच्या गल्लीत भाजी घेऊन येताना मी आजवर निदान नऊ वेळा बुडालेय. कारण वाटेत महाले सरांचं अंगण लागतं.

सर शाळेत पी.टी. शिकवायचे. कबड्डीचं मैदान आखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, घरच्यांना धरणावर फिरवायला अल्युमिनियमची छोटी मोटारबोट घ्यायची. दोन पसंत पडल्या. एक बारा फुटी, चार जणांची. दुसरी चौदा फुटी, सहा जणांची. मग सरांनी अंगणात फक्कीने दोन्ही बोटी मापात आखल्या, आत पाट मांडले आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून बघायला लागले. गळ्यात शिट्टी. रेषेला पाय लागला की फुर्रर्र!

"बाद! गेलात पाण्यात!"

"अहो सर, हातात कांदे आहेत माझ्या."

"कांद्यांसकट बाद!"

घरात माणसं चार. सर, मालतीकाकू, मुलगा आणि सून. बारा फुटी अगदी पुरे. सगळी गल्ली हे सांगून थकली, पण सरांचं पालुपद एकच, "तोल बघू द्या, तोल!" सहा महिने तोलच चाललेला. बाई गं, एवढ्यात लग्नं जमून मोडतात!

एकदा वैतागून मी चौदा फुटीतल्या मागच्या पाटावर पिशवी टेकवली. सर खेकसले, "उचला! ती जागा धरलेली आहे."

कुणासाठी, ते काकूंनी आत नेऊन सांगितलं. सरांचे थोरले भाऊ, मोखाड्याचे दादा, आणि वहिनी यांच्यासाठी. दादांच्या मुलीच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढताना दादा बोलून गेले, "तू थांब, आता जागा नाही." सर न जेवता निघून आले. त्यानंतर सहा वर्षं दोघांत अक्षर नाही.

"दादा येणार असतील तर चौदा फुटी, नाहीतर बारा," काकू म्हणाल्या. "पण विचारणार कोण? हे तर मुळीच नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही करा की फोन!"

काकूंनी केला. "दादा, बोटीचं माप बघायला दोन माणसं कमी पडतायत. याल का?"

रविवारी दादा-वहिनी एसटीने आले, नागलीच्या पापडांची पिशवी घेऊन. सर गळ्यात शिट्टी घालून ताठ उभे. शेवटी सरांनी मागच्या पाटांकडे हात केला. "तुमची जागा."

दादा अंगाने भारी, त्यात गुडघा आखडलेला. कसेबसे पाटावर बसले आणि एक पाय सरळ रेषेबाहेर गेला. फक्की फिसकटली. आम्ही सगळे शिट्टीकडे बघत राहिलो.

सरांनी शिट्टी काढून काकूंच्या हातात दिली. फक्कीचा डबा घेऊन ते खाली बसले आणि दादांच्या पायाच्या बाहेरून नवी रेषा ओढली.

"बाळ्या, बोट वाकडी झाली की रे," दादा म्हणाले.

"होऊ दे," सर म्हणाले. "मोठीच घेतोय."