बावीस पट्ट्या आणि निळा कागद

सोमवारी सकाळी ड्रमवाल्याचा फोन आला आणि दातांच्या डॉक्टरांच्या घरात एकोणतीस वर्षांनी गिटारचा विषय निघाला. ड्रमवाला आता बँकेत मोठा साहेब झालेला, पण बाईंच्या लेखी तो अजून ड्रमवालाच. बाई म्हणजे डॉक्टरांची बायको. शाळेत गणित शिकवतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते. कॉलेजात असताना चौघांचा बँड होता आणि त्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवायच्या बाई. येत्या रविवारी कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि तिथे चौघांनी मिळून तीन गाणी वाजवायची, असा ड्रमवाल्याचा बेत होता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगून टाकलं, की गिटार आता कामाची राहिली नाही, नुसती गुणगुणते, तेव्हा माझं काही धरू नका.

डॉक्टर समोर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, कारण ती गिटार कपाटावर गेली होती ती त्यांच्यामुळे. लग्नानंतर दवाखाना घरातच, पुढच्या खोलीत होता. एकदा खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटाने आतून आलेला गिटारचा आवाज ऐकला, हेच यंत्र आता आपल्या दाढेत शिरणार अशी त्याची खात्री झाली आणि तो गळ्यातल्या रुमालासकट जो पळाला तो परत आलाच नाही. त्या संध्याकाळी डॉक्टर बायकोला म्हणाले होते, थोडे दिवस वर ठेव. पुढे दवाखाना बाजारातल्या इमारतीत गेला, मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी लांब गेली, पण ते थोडे दिवस काही संपले नाहीत. डॉक्टरांना ही गोष्ट मनातून खात होती. बोलून दाखवायची हिंमत मात्र होत नव्हती. रविवारी बायको स्टेजवर उभी राहिली असती, तर त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला असता.

आता डॉक्टरांचा स्वभाव असा, की कुणी 'दुखतंय' म्हटलं की ते आधी दुखणारी जागा शोधणार. बायको गिटार बिघडली म्हणते ना, मग गिटार बरी करू, इतका सरळ हिशेब. त्यांनी स्टूल घेतलं, कपाटावरून पेटी उतरवली, दोनदा शिंकले आणि मंगळवारी ती दवाखान्यात नेली. दवाखान्याची खुर्ची दुरुस्त करणारा माणूस त्या दिवशी यायचाच होता. त्याने गिटारची मागची झाकणी उघडली, तुटलेली अर्थिंगची वायर दाखवली आणि दोन मिनिटांत डाग देऊन जोडली. संध्याकाळी पलंगाखालचा जुना अॅम्प्लिफायर काढून डॉक्टरांनी गिटार लावली. गुणगुण गायब.

बाईंनी वह्या तपासता तपासता मान वर केली. गुणगुण गेली खरी, म्हणाल्या, पण बटण फिरवलं की केवढी खरखर होते.

बुधवारी डॉक्टरांनी दात सुकवायच्या हवेच्या नळीने बटणांच्या आतली धूळ उडवली, वर इलेक्ट्रिकच्या दुकानातला फवारा मारला. खरखरही गेली. बाईंनी ऐकलं, खिडकीबाहेर बघितलं आणि जरा घाईघाईनेच सांगितलं, की ते सगळं ठीक आहे, पण तारा झणझणतात, मानेवरच्या पट्ट्यांना घासतात आणि त्याला काही इलाज नसतो. डॉक्टरांना माणसाच्या तोंडात बघायची सवय, चेहऱ्याकडे बघायची नाही. म्हणून बायकोच्या चेहऱ्यावर काय चाललंय, ते त्यांना दिसलंच नाही. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की काहीतरी घासतंय. आणि घासणाऱ्या गोष्टीचा इलाज करण्यात तर त्यांची हयात गेली होती.

नवीन दात बसवला की तो उंच लागतोय का, हे बघायला एक पातळ निळा कागद असतो. पेशंटाने तो चावायचा, जिथे निळा डाग उमटेल तिथे दात किंचित घासायचा. गुरुवारी एक ते पाच दवाखाना बंद असताना डॉक्टरांनी गिटार खुर्चीत आडवी केली, दिवा खाली ओढला आणि तिच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिल्या पट्टीवर निळा कागद ठेवून तार दाबली. कागद काढला. पट्टीवर स्वच्छ निळा डाग. सापडला चोर, असं म्हणून त्यांनी बारीक ड्रिल लावून ती जराशी घासली. मग दुसरीवर कागद ठेवला. तिथेही डाग. दुसरी घासली. मग तिसरी. पेशंट असता तर एव्हाना हाताने खूण करून म्हणाला असता, की बास, आता बरं वाटतंय. गिटार बिचारी काय बोलणार?

साडेचारला दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. त्यांनी खुर्चीतली गिटार बघितली, कपाळावर घाम आलेले डॉक्टर बघितले आणि विचारलं, "ह्यांना सुन्न केलंय का?"

डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं नाही. ते एकविसाव्या पट्टीवर होते. पावणेपाचला बाविसावी पट्टी घासून झाली तेव्हा त्यांनी मोठ्या आशेने तार दाबून छेडली. 'टक्' असा आवाज आला. दुसरी छेडली, पुन्हा टक्. सगळ्या पट्ट्या लाकडाबरोबर सपाट झाल्या होत्या. डॉक्टरांनी ड्रिल खाली ठेवलं. आयुष्यात त्यांनी कुणाचा चांगला दात चुकून काढला नव्हता, आणि आता बायकोचे एकदम बावीस काढून बसले होते.

घरी जाऊन लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी पेटी उघडली, मानेवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला निळा रंग बघितला.

"हे काय आहे?"

"उंच पट्टी शोधायचा कागद. तार दाबली की जी उंच असेल तिच्यावर डाग पडतो."

"मग कितव्या पट्टीवर पडला?"

"सगळ्यांवर," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले.

बाईंनी डोळे मिटून घेतले. "अरे, तार दाबली की ती पट्टीला लागणारच. तिथे लागते म्हणून तर सूर निघतो. मान वाकलीय तिची. मानेच्या टोकाला एक स्क्रू असतो, त्याला पाव वळसा दिला असतास तर झणझण गेली असती."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"मला वायरपण माहीत होती आणि धूळपण माहीत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

बाई पलंगावर बसल्या. "कारण मला भीती वाटते. बोटं जड झाली असतील, सगळ्यांसमोर शोभा होईल. गिटार बिघडलीय म्हणणं सोपं होतं. तू एकेक करून सगळी कारणं दुरुस्त करत सुटलास."

तेव्हा डॉक्टरांनी इतक्या वर्षांचं मनातलं बोलून टाकलं. मी वर ठेव म्हणालो नसतो तर ही वेळ आली नसती, म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"दवाखाना घरातून गेला तेव्हा मी ती उतरवू शकले असते. नाही उतरवली. तुझ्या नावावर खपवणं बरं पडत होतं," त्या म्हणाल्या. मग पेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पण म्हणून तू तिचं हे करून ठेवायचं?"

आता त्यांना खरा राग आला. फळ्यावर कुणी चुकीचं गणित मांडून गेलं तर बाईंना ते पुसून नीट मांडल्याशिवाय वर्गाबाहेर पडता येत नाही, आणि इथे तर खुद्द त्यांच्याच गिटारवर चुकीचं गणित मांडलेलं. त्यांनी पदर खोचला, स्क्रूड्रायव्हर मागितला आणि तारा चांगल्या उंच चढवून घेतल्या. कान पिळावा तशा खुंट्या पिळून सूर वेगळेच लावले. मग औषधाच्या फळीवरची जाड काचेची छोटी बाटली रिकामी करून करंगळीत घातली. पट्ट्यांना आता कुणी विचारतच नव्हतं. बाटली तारांवरून नुसती सरकायची आणि सूर तिच्यामागून ओढत, वळत जायचा. पहिली पाच मिनिटं तो भलतीकडेच जात होता. बाईंनी दात ओठात रोवून त्याला मुकाट्याने वळणावर आणलं. त्यानंतर घरातून जो आवाज निघाला, तो डॉक्टरांनी एकोणतीस वर्षांत ऐकला नव्हता. ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि खुशाल रडले. रडू आवरायचं कशाला, असं त्यांना वाटलं.

अर्ध्या तासाने बाईंनीच ड्रमवाल्याला फोन लावला आणि एवढंच विचारलं, की रविवारी किती वाजता यायचं.

रविवारी तीनऐवजी पाच गाणी झाली. बँडमधला दुसरा गिटारवाला, जो आता वकील आहे, कार्यक्रम संपल्यावर बाईंच्या गिटारला चिकटूनच बसला. असा आवाज आपण जन्मात ऐकला नाही, ही करामत कुणाची, असं त्याने विचारलं. बाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता डॉक्टरांकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, ह्यांच्या हाताला गुण आहे.

सोमवारी सकाळी वकील दवाखान्यात हजर. मांडीवर गिटारची पेटी, दोन्ही बाजूंना गाल धरून बसलेले पेशंट. नंबर आल्यावर त्याने गिटार स्वतःच खुर्चीत ठेवली आणि म्हणाला, की बाईंच्या गिटारला केलंत तेच हिला करा. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. हात सवयीने निळ्या कागदाकडे गेला आणि तसाच मागे आला. मग त्यांनी लेटरहेड पुढे घेतलं, चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं, "रुग्ण वयस्क आहे. मानेची तक्रार. केस माझ्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे तज्ज्ञांकडे पाठवत आहे. वेळ : शाळा सुटल्यानंतर." आणि खाली स्वतःच्या घराचा पत्ता घातला.