शंभर व्होल्टचा मळा

कॉम्प्युटरच्या बाबतीत भरतेश चौगुलेचा कुणी हात धरू शकत नाही, असं निदान भरतेश चौगुलेचं तरी ठाम मत होतं! सांगलीतल्या एका पतसंस्थेत तो कामाला. तिथं प्रिंटर अडकला, स्क्रीन गोठली, की भरतेशला हाक. तो यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, यंत्र बंद करून परत चालू करायचा आणि काही न बोलता निघून जायचा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं. पण या एवढ्याशा विद्येवर गड्याची छाती इतकी फुगली, की एका रविवारी सासुरवाडीत जेवताना, तोंडात पुरणपोळीचा घास असताना, तो सासऱ्यांना म्हणून बसला,

"मामा, तुमचा तो कपाटातला जपानी कॉम्प्युटर मी चालू करून देतो! गेमसकट!"

तूप वाढणाऱ्या सासूबाईंचा हात हवेतच थांबला.

आता हा कॉम्प्युटर म्हणजे साधी चीज नव्हे. धन्यकुमार मामांना ऐन तरुणपणी कारखान्यानं जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं. येताना लोक घड्याळं आणायचे, मामांनी हे आणलं. कीबोर्डच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर! टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची आणि त्या किरकिरीतून गेम आत जायचा. तेव्हापासून तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा बसलेला. पुसायचा मामांनीच. बाकीच्यांनी लांबून बघायचं.

"जावईबापू," मामा शांतपणे म्हणाले, आणि मामा शांतपणे बोलले की घरातली मांजरसुद्धा बाहेर जायची, "तिकडची वीज शंभर व्होल्टची. आपली दोनशे तीस. पिन लावली की धूर! हात लावायचा नाही."

"पुढच्या रविवारी तुमची पंच्याहत्तरी आहे ना? सगळ्या पाहुण्यांसमोर चालवून दाखवतो! नाही चालवला तर नावाचा भरतेश नाही!"

"हात. लावायचा. नाही."

समोर बसलेला थोरला जावई शांतीनाथ पोळीकडे बघत राहिला. त्यानं एकदा मामांच्या स्कूटरला ओरखडा पाडला होता. एकच, बोटाएवढा. तेव्हापासून मामा त्याच्याशी थेट बोलत नाहीत. काही विचारायचं झालं तर सासूबाईंमार्फत विचारतात. या गोष्टीला बारा वर्षं झाली!

एवढं डोळ्यासमोर असताना शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण भरतेशनं शब्द दिला होता, तोही साडूसमोर. बुधवारी मामा-मामी बाहुबलीला दर्शनाला गेले, शनिवारी परतणार. लगेच त्याच्या बायकोनं, त्रिशलेनं, आईच्या डाळीच्या डब्यातून कपाटाची किल्ली काढली.

"अहो, बाबांना कळलं तर?"

"कळणार कसं? शनिवारच्या आत परत जागेवर!"

"शांतीनाथ दाजीपण असंच म्हणाले होते. रंग देऊन टाकतो, कळणार नाही."

भरतेशनं घाईघाईनं कपाट उघडलं. कॉम्प्युटर उलटा करून बघितला तर मागं स्टिकर: शंभर व्होल्ट. मामा खरं बोलत होते. वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणायला गेला, तर दुकानदार म्हणाला, "मागवावा लागेल. आठवडा धरा."

म्हणजे संपलंच! पाहुण्यांसमोर नाक कापलं जाणार, या विचारात तो पतसंस्थेत बसला असताना आकारामचा फोन आला. आकाराम त्याचा कॉलेजातला दोस्त, नदीकडेला डोंगरेमळ्यात त्याची वस्ती. तो नेहमीप्रमाणं लाइटच्या नावानं बोंबलत होता.

"आरं कसली लाइट घिऊन बसलायस! सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की पंख्याची पाती मोजून घ्यावी. शंभर व्होल्ट बी धड येत न्हाईत बघ!"

भरतेश खुर्चीतून उठला. "किती म्हणालास?"

"शंभर! लय झालं तर!"

"आकाराम, तू देवमाणूस आहेस! उद्या येतोच!"

"आरं पर मी रडतोय, अन तू खूश का हुतोयस?"

अख्ख्या महाराष्ट्रात लोक कमी व्होल्टेजला शिव्या देत असताना, त्याच्यासाठी कॉम्प्युटर घेऊन निघालेला भरतेश हा पहिलाच असेल! गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यानं कॉम्प्युटर त्रिशलेच्या दुलईत गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून वर पट्टा लावला, आणि प्रत्येक खड्ड्याला हात जोडत, बैलगाड्यांना पुढं जाऊ देत, दुपारी मळ्यात पोचला.

आकारामची आई रंगुबाई दारातच उभी होती. त्यानं छातीशी धरलेली दुलई बघून ती विरघळली.

"आगं बया! लेकरू झालं व्हय? आन आमाला कळवलं न्हाई! दावा की तोंड!"

दुलई उघडली, आतून नुसतीच बटणं निघाली. रंगुबाईनं आत जाऊन चहा टाकला.

भरतेशनं व्होल्ट मोजायचा मीटर प्लगात खुपसला. चौऱ्याण्णव! डोक्यावर पंखा झोपेत कूस बदलावी तसा हलत होता. सगळीकडून मोटरींची घरघर ऐकू येत होती. त्यानं टीव्ही जोडला, बॅटरीवरचा टेप जोडला, मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला आणि डोळे मिटून पिन लावली.

धूर नाही! पण कॉम्प्युटरचा लाल दिवा आजारी माणसानं डोळा उघडावा तसा किंचित लुकलुकला. स्क्रीन काळीच. बंद करून परत चालू केला. काळीच. भरतेशची सगळी विद्या तिथं संपली!

"सहा व्होल्ट कमी पडतायत," तो घाम पुसत म्हणाला. "शेजारची एक मोटर अर्धा तास बंद झाली, की बरोबर शंभर होतील."

"आन दोन बंद झाल्या तर?" आकारामनं विचारलं.

"तर मी सांगलीला जात नाही. तुझ्याकडं ऊस तोडायला राहतो."

आकारामला बल्बसमोर बसवून त्यानं बजावलं, "बल्ब जरासा उजळला की टेपचं बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस." आणि मीटर हातात घेऊन तो पलीकडच्या रानात निघाला.

आता त्याचा अवतार बघा. ऑफिसच्याच कपड्यांत आलेला. खोचलेला पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात वायरी लोंबणारा मीटर. बांधावर कोंडीबा तंबाखू मळत बसला होता आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर, खांबावरच्या तारेत अडकवलेला त्याचा आकडा वाऱ्यावर झुलत होता. फुकटच्या विजेचा!

"नमस्कार. तुमची मोटर किती एचपीची?"

कोंडीबाची तंबाखू खाली सांडली. "मोटर? मोटर कुटली, सायेब? आमच्यात मोटरच न्हाई!"

मागं मोटर धडाडत होती.

"ती काय चालू आहे की. अर्धा तास बंद ठेवता का? फक्त तुमचीच हं! बाकीच्यांच्या चालू राहिल्याच पाहिजेत. त्यांना अजिबात कळता कामा नये!"

बिचाऱ्या भरतेशला वाटलं, आपण किती नेमकं सांगितलं! कोंडीबाला मात्र एकच कळलं. लाइट बोर्डाची धाड आली, आणि बाकीच्यांना बेसावध धरणार! "व्हय सायेब, व्हय सायेब," म्हणत त्यानं मोटर बंद केली, आकडा ओढला, आणि उसाआड जाऊन पहिलं काम केलं ते मळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार शब्द बोलायचं.

भरतेश खुशीत परत फिरला. एक मोटर थांबली होती. बरोब्बर शंभर! तेवढ्यात डावीकडची घरघर थांबली. त्याचं पाऊल अडखळलं. मग ओढ्याकडची थांबली. मग विहिरीवरची. मग एकदम सगळीकडच्या! अख्ख्या मळ्यात इतकी शांतता पसरली, की लांबच्या एका वस्तीवरची गिरणी ऐकू येऊ लागली. आणि मग तीही थांबली.

"अरे चालू करा! मोटरी चालू करा रे!" भरतेश किंचाळला. उसातनं कोण कशाला ओ देतंय?

पिन तशीच लावलेली होती! त्याच्या डोळ्यासमोर धूर दिसू लागला. धुराच्या पलीकडं मामा. मामा शांतपणे बोलतायत. तो पळत सुटला. पाचटानं हात कापले, चप्पल पाटात राहिली, ओळखपत्र उसाला अडकून गळा आवळला गेला, तरी थांबला नाही. पळता पळता तो भाषण ठरवत होता: "मामा, माणसाचं शरीर नश्वर आहे, मग कॉम्प्युटर…" पुढं सुचेना.

घरात शिरला तर पंखा हेलिकॉप्टरसारखा गरगरत होता, भिंतीवरचं कॅलेंडर उडून रंगुबाईच्या परातीत पडलं होतं, बल्ब डोळे दिपवत होता. आणि टेप कर्कश किरकिरत होता!

"पिन काढ!" म्हणत त्यानं झेप घेतली. आकारामनं त्याला कंबरेला धरलं.

"आरं थांब गड्या! चालू झालंय!"

भरतेशनं बघितलं. लाल दिवा टक्क जळत होता. किरकिर थांबली आणि टीव्हीवर अंधारं आकाश आलं, आकाशातून ठिपक्यांच्या रांगा खाली उतरू लागल्या, खाली एक चिमुकलं विमान! गेम! त्यानं मीटर लावला. दोनशे बत्तीस!

"हे शक्यच नाही," तो म्हणाला.

"जपानी माल हाय, लय टिकाऊ!" आकाराम म्हणाला.

भरतेश एका डोळ्यानं कॉम्प्युटरच्या मागच्या झरोक्यांकडं बघत धूर शोधत होता आणि दुसऱ्यानं खेळत होता. बंद करायची भीती वाटत होती, चालू ठेवायचीही भीती वाटत होती. तेवढ्यात खिडकीत सावली पडली. कोंडीबा! त्याच्यामागं आठ-दहा डोकी. कुणाच्या खांद्यावर गुळाची ढेप, कोंडीबाच्या काखेत जिवंत कोंबडा.

"सायेब, गावरान हाय," कोंडीबा कोंबडा पुढं करत म्हणाला.

पर्युषणात कांद्यालाही न शिवणारा भरतेश खुर्चीसकट मागं सरकला. त्या गडबडीत बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवरचा एक ठिपका फट्‌दिशी उडाला.

खिडकीत एकदम श्वास रोखले गेले.

"बघितलं का? तारेवरचं समदं ह्या मशीनवर दिसतंय," मागून कुणीतरी कुजबुजलं. "एक ठिपका म्हंजी एक आकडा!"

"नाही हो! मी बोर्डाचा नाही! हा गेम आहे, गेम!"

"व्हय सायेब. आसंच म्हनायचं आसतंय, आमाला ठावं हाय," कोंडीबा हात जोडून म्हणाला. "पर त्यो कडंचा ठिपका माजा हाय. त्येला तेवढा मारू नगा!"

भरतेश घाबरून तो ठिपका चुकवायला गेला, विमान त्याच्यावरच आदळलं, ढॅणढॅण आवाज झाला आणि मोठ्या अक्षरात 'गेम ओव्हर' आलं. कोंडीबानं डोळे बारीक करून दुसरा शब्द लावला.

"ओव्हर! लोड ओव्हर झाला म्हनतंय! पळा!"

मिनिटात अंगण मोकळं. गुळाची ढेप तिथंच राहिली, कोंबडा रंगुबाईच्या परातीत. भरतेशनं पिन काढली, दुलई गुंडाळली आणि एका चपलेवर सांगली गाठली. शुक्रवारी कॉम्प्युटर कपाटात, किल्ली डाळीत. हातावरचे ओरखडे तेवढे राहिले.

रविवारी घर पाहुण्यांनी भरलेलं. मामांना ओवाळून झालं. भरतेश पुढं झाला, कपाट उघडलं आणि सरळ भिंतीतल्या प्लगाकडं वळला. सासूबाईंनी "अगं बाई!" म्हणून डोळे झाकले. शांतीनाथ नीट दिसावं म्हणून पुढं सरकला. पिन लागली, टेप किरकिरला, ठिपके उतरले!

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! पोरंटोरं कॉम्प्युटरवर तुटून पडली. "पहिला माझा नंबर!" "नाही, माझा!" त्रिशलेचा ऊर भरून आला. मामा मात्र टाळ्या न वाजवता उठले, आणि भरतेशला खुणेनं गॅलरीत बोलावलं.

"दोनशे तीसवर चालतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे… तुम्हाला माहीत होतं?"

"आतला ट्रान्सफॉर्मर मी जपानहून आल्या आल्याच बदलून घेतलाय. स्टिकर तेवढा ठेवला." मामांनी आत बघितलं. एक नातू कीबोर्डवर कोपरानं झोपला होता, दुसरा लाडवाच्या हातानं बटणं दाबत होता. मामांनी कपाळाला हात लावला. "दर बुधवारी ही महिला मंडळाला जाते. दार लावतो आणि खेळतो. चाळीस वर्षं झाली! शंभर व्होल्टची भीती घातली म्हणून कुणी हात लावला नव्हता. आता माझा नंबर कधी यायचा?"

मामांनी खिशातून काहीतरी काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. उसाचं पाचट, बोटाएवढं.

"शनिवारी पुसताना कीबोर्डात सापडलं. आमच्या कपाटात ऊस नाही."

एवढं बोलून मामा आत गेले. भरतेश मागोमाग. सासूबाई ताटं मांडत होत्या. मामा भरतेशपासून हातभर अंतरावर उभे राहिले, आणि शांतपणे म्हणाले,

"अगं, जावईबापूंना विचार, जेवून जाणार आहेत का."

भरतेशनं सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी भरतेशकडं बघितलं. कोपऱ्यातून शांतीनाथनं उठून आपल्या शेजारची खुर्ची सरकवून दिली.

"बसा," तो म्हणाला, "पहिली पाच वर्षंच जड जातात."