हरूकाकांचा दुसरा गिअर

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर हरेश्वर राऊत, म्हणजे आमचे हरूकाका, राहायचे. तुम्ही त्यांना सहज म्हणालात, "काका, जिना ओला आहे, जपून," तर ते पहिल्याच पायरीवर थांबायचे, तुमच्याकडे रोखून बघायचे आणि म्हणायचे, "जिना ओला हाय, जपून उतरायचा. बरोबर?" यावर तुम्ही "बरोबर" म्हणायचं असायचं. मी नवीन राहायला आलो तेव्हा नुसतं "हो हो" करून सटकलो होतो. दहा मिनिटांनी दूध घेऊन परत आलो, तर काका त्याच पायरीवर.

"बरोबर," मी म्हणालो. काका उतरले.

ही सवय बोईसरच्या एका केमिकल कंपनीतली. तिथे काका पॅनलवर होते. म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसून वॉकीटॉकीवर बाहेरच्या माणसाला सांगायचं, चार नंबरचा व्हॉल्व्ह बंद कर. त्याने तेच शब्द परत म्हणायचे, काकांनी 'बरोबर' म्हणायचं आणि मगच त्याने व्हॉल्व्हला हात लावायचा. पद्धत शहाणपणाचीच आहे. चुकीचा व्हॉल्व्ह बंद झाला तर काय होतं, हे बोईसरमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त निवृत्तीच्या दिवशी बाकीचे लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात; काका पद्धतही घेऊन आले.

घरी सुमनकाकी होत्या तोवर काही अडलं नाही. "गॅस बंद कर," बाहेरून काका. "गॅस बंद करते," आतून काकी. "बरोबर." भात वाढणं, खिडकी लावणं, सगळं असंच चालायचं; आणि काकींनी काही सांगितलं की काका ते परत म्हणायचे. ही बाई वैतागत कशी नाही, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलंच. तर हसून म्हणाल्या, "आवो, बायको काय बोलली ते शब्दाला शब्द ऐकनारा नवरा किती जनींना मिळतो?"

मागच्या वर्षी काकी गेल्या. महिन्याभरात एका सकाळी काकांच्या दारातून धूर यायला लागला. मी वर धावलो. दूध आटून करपून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि काका ओट्यासमोर हाताची घडी घालून उभे होते.

"काका, गॅस का नाही बंद केलात?"

"मी बोललो, गॅस बंद करतो," काका म्हणाले. "कोनी बरोबर बोललाच नाय."

हसावं की रडावं हे मला कळेना. दोन्ही पुढे ढकललं आणि गॅस बंद केला.

त्यांची मुलगी स्नेहल पुण्याहून धावत आली. एकटे राहणं यांना जमणार नाही, मी बाबांना घेऊन जाते, असं तिने मलाच सांगितलं, जणू काका म्हणजे हॉलमधलं कपाट. कधी आवाज न चढवणारे काका त्या दिवशी कडाडले. "मला एक वर्ष दे. एकट्याला जमतंय का नाय ते करून दाखवतो. नाय जमला तर ने."

वर्षाची मुदत ठरली. आम्हाला वाटलं, आता काका भाजी-आमटी शिकतील. काकांनी डर्ट बाइक घेतली.

बदली झालेल्या एका हौशी इंजिनिअरने ती विकायला काढली होती. उंच सीट, चिखलात चालणारे दातेरी टायर, आणि बटणाने सुरू होण्याचा लाड अजिबात नाही, किक मारायची. काकांनी जन्मभर सायकलवरून ड्युटी केली. सीटवर बसले की त्यांचे अंगठेच काय ते जमिनीला लागायचे.

"काका, स्कूटर घ्यायची होती," मी म्हणालो.

"स्कूटर आपली आपन चालते. हिच्यात दर घडीला एकट्यानी ठरवावा लागतो. चुकला की खाली."

तर्क बिनचूक होता. बिनचूक तर्काची माणसंच मला जास्त घाबरवतात.

गाडीला नंबरप्लेट नव्हती, त्यामुळे ती रस्त्यावर चालवणं नियमात बसत नव्हतं. मग रोज संध्याकाळी काका ती हाताने ढकलत एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचे. डोक्यात हेल्मेट, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. वाटेत लोक विचारायचे, "पेट्रोल संपला का?" काका थांबून प्रश्न परत म्हणायचे, बरोबर आहे का विचारायचे आणि मग सांगायचे, "नाय."

मागून मी. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी पात्रता.

"पयला गिअर टाकतो!" काका ओरडायचे.

"पहिला गिअर टाकता!" मी.

"बरोबर!" की डावा पाय खाली. मग क्लच सोडायचा. तो हळूहळू सोडायचा असतो. काका व्हॉल्व्ह उघडल्यासारखा एकदम सोडायचे, गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. पुन्हा किक, पुन्हा घोषणा. महिन्याभराने गाडी चालू लागली, तेव्हा खरी अडचण कळली. दुसऱ्या गिअरची घोषणा माझ्यापर्यंत पोचून, मी धापा टाकत ती परत म्हणून, काकांचं 'बरोबर' होईपर्यंत प्लॉट संपायचा. पावसाळा लागेपर्यंत काकांनी जी काही रपेट केली ती पहिल्या गिअरमध्ये, इंजिन किंचाळत असताना.

मग त्यांना मोबाइलची युक्ती सुचली, आणि सराव दुपारीही सुरू झाला. हेल्मेटच्या आत कानाला हेडफोन, आणि पलीकडे माझ्या कंपनीच्या लॅबमध्ये मी. एका हातात परीक्षानळी, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंडाने "दुसरा टाकता! तिसरा टाकता!" माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मिश्राने एकदा काळजीने विचारलं, "सर, गाड़ी ली क्या?"

"नहीं, पड़ोसी ने लिया है."

"तो आप क्यों चिल्ला रहे हैं?"

संध्याकाळी मी काकांवर चिडलोच. "मी फोनवर असताना तुम्हाला पाचही गिअर जमतील हो! याला एकट्याने जमणं म्हणतात का?"

काकांनी हेडफोन गुंडाळून डब्यात ठेवला. मग म्हणाले, "नाय म्हनत." इतकं वाईट वाटलं मला, की दुसऱ्या दिवशी मीच आधी फोन केला. त्यांनी उचलला नाही. त्यानंतर प्लॉटवरही त्यांनी मला बोलावलं नाही. रोज चहाला मात्र बोलवायचे.

वर्ष भरलं तशी स्नेहल आली. परीक्षेची जागा काकांनीच ठरवली होती. माकुणसार गावी त्यांची वडिलोपार्जित वाडी आहे आणि वाडीमागे खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या पाणथळ जमिनीला, घातलेला लांबलचक मातीचा बांध. मधला एक तुकडा निव्वळ वाळूचा. वाळूत घाबरून वेग कमी केला की पुढचं चाक रुतलंच. तिथे पायावर उभं राहायचं, लांब बघायचं आणि रेस द्यायची.

टेम्पोने गाडी पलीकडच्या टोकाला उतरवली. अलीकडच्या टोकाला मी आणि स्नेहल. ती सारखी म्हणत होती, "पडले तर काय करायचं हो?" मी फोन हातात घट्ट धरून उभा होतो. काकांची घोषणा आली की उत्तर द्यायला उशीर नको.

लांबून किक ऐकू आली. गाडी निघाली. पहिला गिअर आमच्या ओळखीचा, किंचाळणारा. मग एक क्षण आवाज तुटला आणि खालच्या सुरात पुन्हा लागला. दुसरा. फोन वाजला नाही. मग तिसरा. वाळू आली तसे काका सीटवरून उठले, पासष्टीचा तो किडकिडीत माणूस सरळ उभा राहिला. मागचं चाक वळवळलं. स्नेहलने माझा दंड आवळला. काकांनी वेग कमी केला नाही.

आमच्यासमोर येऊन ते थांबले आणि हेल्मेट काढलं. चेहरा घामाने निथळत होता. मी टाळ्या वाजवत होतो. स्नेहल म्हणाली, "जिंकलात बाबा. आता नाही मी नेण्याचं नाव काढणार. राहा इथे खुशाल."

काका गाडीवरून उतरले नाहीत.

"एकट्याला जमतं गो बाय," ते म्हणाले. "पन जमून करू काय?"

त्यांनी इंजिन बंद केलं.

"मी येतो तुझ्याकडे."

"बाबा!" स्नेहल ओरडलीच. "मग वर्षभर हे सगळं कशाला केलंत? तेव्हाच का नाही आलात?"

"तेवा तू मला नेत होतीस," काका म्हणाले. "आता मी येतोय."

ती रडायला लागली. मीही लागलो, खोटं कशाला सांगू. कधी निघायचं, असं तिने डोळे पुसत विचारलं.

"आजच. बॅग भरलेली हाय. आठ दिवस झाले."