येंका चाललाय

रविवारी सकाळपासून धम्मपाल दार लावून जपानीत रडत होता आणि त्याची बायको मनाली परड्यात कपडे वाळत घालत होती. नवरा एवढा कळवळत असताना बायको निवांतपणे चिमटे लावते, हे शेजारच्या चिमणाबाईंना कुंपणापलीकडून बघवेना.

खरं तर रडण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. धम्मपाल कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होता. नव्व्याण्णव साली कारखान्यानं त्याला वर्षभर ट्रेनिंगला जपानला धाडलं. लोक तिकडून कॅमेरा आणतात, यानं एन्का आणला. एन्का हा जपान्यांचा जुन्या वळणाचा गाण्याचा प्रकार. बंदर, थंडी, दारू आणि सोडून गेलेलं माणूस एवढ्या सामानावर ती गाणी होतात आणि गाताना आवाज ऐन जागी थरथरावा लागतो. तिथल्या एका जत्रेतल्या स्पर्धेत धम्मपालचा दुसरा नंबर आला. परका माणूस आपल्या भाषेत रडतो याचं कुणालाही कौतुकच वाटतं. ओसाकातल्या एका रेकॉर्ड कंपनीला असाच परदेशी गायक हवा होता आणि तिचे मोरीसाहेब त्याला ऐकायला आज त्याच्या गावी, गडमुडशिंगीत येणार होते. पसंत पडला तर रेकॉर्ड, नाही तर उद्या फर्स्ट शिफ्ट.

"मनाली," चिमणाबाईंनी हाक मारली, "धम्मा का गं रडतोय?"

"रडत न्हायत, काकू. येंका चाललाय त्यंचा."

चिमणाबाईंच्या काळजात धस्स झालं. त्यांचं माहेर निपाणीकडचं. तिकडं प्रत्येक गल्लीत एक तरी येंकाप्पा असतो, त्यामुळं येंका हे माणूसच याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"आगं बाई! कवाधरनं?"

"पाटंपासनं. मला डोळाबी लावू दिला न्हाय."

"आनि डाक्टर काय म्हनतोय?"

"डाक्टर कशाला? गरम पानी देतोय की अधनंमधनं. दुपारी जपानचा पावणा आला म्हंजे एकदाचं सुटंल बगा."

'एकदाचं सुटंल' म्हणणाऱ्या या बाईच्या काळजाचा दगड कुठल्या खाणीतला असावा, असा विचार करत चिमणाबाई गल्लीत गेल्या. पहिल्या दारात 'चाललाय' होतं, तिसऱ्या दारात त्याचं 'गेला' झालं. दुपारपर्यंत येंका हा धम्मपालच्या मामाचा थोरला पोरगा झाला, धम्मपालच्या वशिल्यानं जपानला कामाला लागला, तिथं मशीनमध्ये सापडला आणि त्याला पेटीत घालून पावणा निघालासुद्धा. आपल्या गावात बातमीला कधी रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत.

माणसं येऊन अंगणात खाली मान घालून बसू लागली. मनालीला भरून आलं. गावाला गाण्याची एवढी कदर असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं सतरंजी टाकली, चहा आणला, पण कुणी कपाला हात लावेना.

"ऱ्हाऊ दे, पोरी," गल्लीतले बाळासो म्हणाले. "आदी पावणा यिऊ दे."

जीप आली. मोरीसाहेब उतरले आणि मागून एक लांबट काळी पेटी निघाली. तिच्यात रेकॉर्डिंगचं मशीन होतं. बाळासोंनी टोपी काढली. "द्या पावणं, हितनं फुडं आमच्या खांद्यावर." चौघांनी पेटी उचलली आणि पावलं मोजत अंगणात आणली. आपल्या मशीनला एवढा मान मोरीसाहेबांनी जपानातही पाहिला नव्हता. तेही मान झुकवून मागोमाग चालत आले. त्यांनी पेटी उघडली, तेव्हा बाळासोंनी हळूच आत डोकावून पाहिलं.

"आरारा! नुसत्या वायरीच ऱ्हायल्यात की रं!"

एवढ्यात घरातून धम्मपाल नवा सदरा घालून बाहेर आला. गर्दी पाहून तो सुखावला, डोळे मिटले आणि त्यानं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं संपल्यावर मोरीसाहेब म्हणाले, "अगदी अचूक." धम्मपालचा चेहरा पडला. वर्षभरात त्याला कळलं होतं की जपानी माणूस नुसतं 'अचूक' म्हणाला की समजायचं, काम झालं नाही.

दुसऱ्या कडव्याला चिमणाबाईंचा बांध फुटला. "येंका रंऽऽ! परमुलखात तुला पानी कुनी पाजलं रंऽऽ!" त्यांचा आवाज चढला, ऐन जागी थरथरला आणि तसाच थरथरत खाली उतरला. मोरीसाहेबांचा हात मशीनवरच थांबला. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"प्रत्यक्ष एन्कालाच हाक मारून रडतायत!" ते पुटपुटले. "आमच्याकडे हे कुणाला सुचलं नाही."

आता धम्मपालच्या डोक्यात प्रकाश पडला. "काकू, येंका म्हंजे मानूस न्हाय! गाण्याचं नाव हाय ते!"

चिमणाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"मग मी एवढा येळ कुनासाठी रडलो?"

मोरीसाहेबांनी अर्थ विचारला. धम्मपालनं सांगितला. मोरीसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "कुणासाठी ते ठाऊक नसताना रडणं, हाच तर एन्का! त्यांना विचारा, ओसाकाला गायला येतील का?"

ज्या निरोपासाठी धम्मपाल सहा महिने झुरला, तो त्याला स्वतःच्या तोंडानं चिमणाबाईंना सांगावा लागला. त्यानं तो सांगितला, एक शब्दही न गाळता.

चिमणाबाई भडकल्या. "मेलं कोन न्हाय, फुकाट रडवलं, आनि वर नाटकात नाचवतोस व्हय? लाज हाय का ह्याला? हाय का? हाय का?"

जपानीत 'हाय' म्हणजे हो. मोरीसाहेब तीनदा कमरेत वाकले.

"साहेब," धम्मपाल जपानीत म्हणाला, "हा होकार नाही. त्या येणार नाहीत. आणि मीही..." सगळं हातचं गेलं होतं, भर अंगणात आणि भर गावासमोर. त्याचा आवाज चिरकला, ऐन जागी थरथरला आणि तसाच थरथरत खाली उतरला.

मोरीसाहेबांनी झटकन मशीनचं बटण दाबलं. "हाच! हाच आवाज हवा होता मला. याच आवाजात गा. रेकॉर्ड तुमचीच."

धम्मपालला क्षणभर खरं वाटेना. "मनाली, जमलं गं!" तो ओरडला आणि गाऊ लागला. बंदरावर प्रेयसी सोडून गेल्याचं ते गाणं त्यानं अशा उत्साहात म्हटलं की पाठीमागं वरात येते आहे की काय असं वाटावं. बाळासोंनी तर ठेकाही धरला.

मोरीसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मशीन बंद केलं, वायरी गुंडाळल्या आणि पेटी स्वतःच उचलून जीपमध्ये ठेवली. निघताना त्यांनी धम्मपालचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी मनापासून म्हणाले, "पुन्हा असं एखादं मोठं दुःख झालं, तर मला लगेच कळवा."